दिनकररावांच्या सहीचा कोट

शुक्रवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझी अक्कल कुठं गेली होती, ते मला विचारू नका. पुढचं मात्र सगळं सांगते, कारण ऐकून हसला नाहीत तर मलाच चैन पडणार नाही.

बाळाला तेल-हळद लावून मी पळभर खाली ठेवलं. तो सात महिन्यांचा. लोळत लोळत गेला तो थेट ह्यांच्या टसरच्या कोटावर. तोच कोट घालून हे पुढच्या शुक्रवारी अलिबागला साहेबांपुढं उभे राहणार होते, हेडमास्तरच्या जागेसाठी. दुसरा कोट आहे कुठं घरात?

हे शाळेत गेलेले. मी कोट गुंडाळला, बाळ कडेवर घेतला आणि रेवदंड्याच्या बाजारात नवी लाँड्री निघाली होती ती गाठली. दुकानदार गफूरभाई, मुंबईत हे काम शिकून नुकताच आलेला. गावात कुणाला ओळखत नव्हता.

त्यानं छापील कागद पुढं केला. मी तो नीट वाचला. रंग उडाला, कापड आटलं, विरलं, तर दुकान जबाबदार नाही. खाली सही करणारास तक्रार करता येणार नाही. कपडा सही करणारासच मिळेल.

"कोट कुणाचा?"

"ह्यांचा."

"हे म्हंजे कोण? नाव लिवा."

"नाव कसं घेऊ मी?"

"घेऊ नका बाई, लिवा निस्तं."

"लिहिताना मनात घ्यावं लागतंच ना? त्यांचं आयुष्य घटेल."

गफूरभाई कपाळाला हात लावून बसला. माझं नाव लिहावं तर उद्या कोट बिघडून भांडण लागलं की समन्स माझ्या नावानं. कोर्टात बाळ कोण सांभाळणार? मग मी विचार केला, ह्या घरात कोर्टानं ज्याला हात लावू नये असा एकच पुरुष आहे. आणि वळणदार अक्षरात बाळाच्या पाळण्यातल्या नावाची सही ठोकून दिली: दिनकर.

गुरुवारी संध्याकाळी कोट आणायला हे गेले आणि रिकाम्या हातानं परत आले.

"अगं, कोट दिनकररावांचा आहे म्हणे. त्यांनाच पाठवा म्हणतो."

मी बाळाला अंगडं घातलं आणि आम्ही तिघं निघालो.

दुकानात ह्यांनी बाळाला फळीवर बसवलं. "हे दिनकरराव."

गफूरभाईनं बाळाकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं. "सही करायला सांगा."

"अहो, लिहिता कुठं येतं त्याला?" मी म्हटलं.

"बाई, गेल्या शुक्रवारी तर झकास लिवलंन. सहा दिवसांत इसरला?"

शेवटी अंगठ्यावर तडजोड झाली. शिक्क्याच्या गादीवर बाळाचा अंगठा टेकवायचा ठरला, त्यानं अख्खा पंजा बुडवला. गफूरभाईनं कोट उलगडून दाखवला. काय धुतला होता म्हणून सांगू, हळदीचा कणसुद्धा नाही. मी पुढं वाकून बघतेय तोवर बाळानं छातीवरच, खिशाच्या वर, पाच बोटं उमटवली. जांभळी.

"आता हे तुम्ही भरून द्या," मी म्हटलं.

गफूरभाईनं कागदावरच्या सातव्या कलमावर बोट ठेवलं. ह्यांनी शाळेत धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचलं, "गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या हातून पडलेल्या डागास दुकान जबाबदार नाही."

आणि गिऱ्हाईक फळीवर बसून बोट चोखत होतं.

दुसऱ्या दिवशी हे छातीवर उपरणं घेऊन टांग्यात बसले. मी दिवसभर जेवले नाही. दिवेलागणीला परतले ते हसतच.

"साहेबांपुढं उपरणं घसरलं. मग सगळं सांगावं लागलं. साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. जागा मिळाली."

माझ्या जिवात जीव आला. "आणखी काही म्हणाले?"

"विचारलं, मास्तर, तुमच्या घरात शिकलेलं कुणी नाही वाटतं?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं तेच. म्हटलं, बायको सातवी पास आहे. तेव्हाच तर साहेब खुर्चीवरून पडायचे राहिले."

तेव्हा बायांनो, जी भेटेल तिला एवढं सांगा. लाँड्रीच्या कागदावर सरळ नवऱ्याचं नाव लिहावं. फारच वाटलं, तर लिहिताना डोळे मिटून घ्यावेत.