घडीवरचं नाव

चष्मा बदलायची वेळ झाली हे आधी घरातल्यांना कळतं. ज्याच्या नाकावर तो असतो, त्याला सगळ्यात शेवटी. मी निवडलेल्या तांदळाच्या भातात खडा लागू लागला, तेव्हा मी गिरणीवाल्याला नावं ठेवली. सुईत दोरा जाईना, तर हल्लीच्या सुयांना भोकंच नीट पाडत नाहीत असं ठरवलं. पेपर आधी हातभर लांब धरायचे, मग हातही पुरेना. तेव्हा छपाई बिघडली. बुद्धविहारातला दिवा तर मी दोनदा बदलायला लावला आणि दोन्ही वेळा कमिटीतल्या पोरांना चार शब्द सुनावले.

मुलगा मलाजखंडला खाणीत नोकरीला आहे. रविवारी बालाघाटला आला की माझ्याकडे बघत बसायचा.

"आई, चष्मा बदलून घे ना. आठ साल हो गए."

"काच फुटली नाही, काडी तुटली नाही. मंग बदलवू कायले?"

यावर तो चहा मागायचा. शाळेत मास्तरीण असलेल्या आईशी वाद घालायचा नसतो, हे तो लहानपणीच शिकला आहे.

लामत्याकडच्या शाळांमध्ये माझी सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर आमच्या वॉर्डातल्या विहारात ग्रंथवाचनाचं काम आपसूक माझ्याकडे आलं. पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने, रोज संध्याकाळी, वंदना झाली की तासभर वाचन. पोरं सगळी हिंदीत शिकलेली. अक्षरं तीच असली तरी मराठी वाक्य लांबलं की अडखळतात आणि मग हसतात. मला ते चालत नाही. त्यामुळे अकरा वर्षं मीच वाचत होते, आणि दरवर्षी तोच ग्रंथ वाचून वाचून पानंच्या पानं पाठ झाली होती. डोळे अडले की जीभ पुढे जायची. समोर बसलेल्यांना काही कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पुरतं कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

मुलाने फारच लावून धरलं म्हणून एकदा डोळ्यांच्या शिबिराला गेले. जवळचं तपासायला हातात एक कार्ड देत होते. त्यावर हिंदीत चार-पाच ओळी, वर मोठ्या आणि खाली बारीक होत गेलेल्या. रांगेत माझ्यापुढे दहा-बारा जण होते आणि सगळे तेच कार्ड मोठ्याने वाचत होते. कोणी शब्द गाळला, कोणी चुकीचा उच्चार केला की मी मनातल्या मनात दुरुस्त करत होते. सवयच ती. माझा नंबर येईपर्यंत अख्खं कार्ड पाठ झालं होतं. मी हातात घेतलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं.

"बहुत बढ़िया मॅडम, यही नंबर चलने दीजिए," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.

खालच्या दोन ओळी मला मुंग्यांच्या रांगेसारख्या दिसत होत्या. तरी मी तोंड उघडलं नाही. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या, आणि म्हातारपणी स्वतः कॉपी करून पास होऊन आले. वर घरी येऊन मुलाला फोनवर ऐकवलं की डोळे एकदम ठणठणीत आहेत.

आमच्या विहारात एक पद्धत आहे. वर्षावास संपतो त्या आश्विन पौर्णिमेला, वॉर्डातून त्या वर्षी जे गेले त्यांची नावं मोठ्याने वाचतात. एकेक नाव घ्यायचं, सगळ्यांनी उभ्यानेच हात जोडायचे. ज्यांच्या घरचं नाव असतं ती माणसं त्या दिवशी लवकर येऊन पुढे बसतात. त्या वर्षी सात नावं होती. पोरांनी वहीच्या कागदावर लिहून, कागदाची घडी घालून माझ्या ग्रंथाखाली ठेवली होती.

पुढच्या रांगेत मावशी होती. आमच्या मागच्या गल्लीत राहते, सगळा वॉर्ड तिला मावशीच म्हणतो. पंचाहत्तरीची असेल. तिचा नवरा उन्हाळ्यात गेला होता. पांढरं नऊवारी लुगडं धुऊन नेसून, हात जोडून ती वाट बघत होती.

ग्रंथ पाठ असतो, यादी नसते. मी एकेक नाव ओढून काढल्यासारखं वाचत होते. पाचव्या ओळीवर कागदाची घडी पडली होती आणि तिथे मला नुसतं काळं काहीतरी दिसलं. ते वरच्याच नावाचं शेपूट असेल, असं मी म्हटलं मनाशी. पण तिथे एक नाव आहे हे मला कळलं होतं. मी थांबू शकत होते. कोणालाही जवळ बोलावून विचारू शकत होते. सगळा वॉर्ड उभा होता, सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते, आणि मला विचारण्याची लाज वाटली. मी पुढचं नाव घेतलं.

खीर वाटायला लागले तेव्हा मावशी माझ्याजवळ आली.

"बाई, त्याईचं नाव राह्यलं."

"यादीत नाही मावशी," मी म्हटलं. "पोरांनी लिहिलंच नाही. सांगीन मी त्याईले."

इतक्या सहज खोटं बोलले की माझं मलाच आश्चर्य वाटलं. मावशीने माझ्या हाताखालचा कागद घेतला, उलगडला आणि वरून खाली बोट फिरवत नेलं. मावशीला लिहिता-वाचता येत नाही. तिच्या पोराला इथल्या शाळेत घातलं तेव्हा मी सोबत गेले होते आणि कागदावर तिचा अंगठा मीच घेतला होता. बोट घडीवर येऊन थांबलं.

"मंग हे काय व्हय?"

मी कागद जवळ घेतला, लांब धरला. मला काही दिसेना.

"घरच्या सगळ्या भांड्याईवर हेच हाय," ती म्हणाली. "पेल्यावर, गंजावर, परातीवर. चाळीस वर्षं घासून राह्यली मी हे नाव. मले नाही समजन का?"

भांड्यांवर नाव टाकून घ्यायची आपल्याकडे रीतच आहे. तिला तेवढं एकच नाव वाचता येत होतं, आणि नेमकं तेच मी गाळलं होतं. वर ते नाहीच म्हणून सांगितलं होतं. खिरीची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. मला त्या क्षणी स्वतःचा इतका राग आला की चष्मा काढून तिथेच आपटावा असं वाटलं. आपटला नाही. घरी जायला तोच होता.

दुसऱ्याच दिवशी मेन रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात गेले आणि बसायच्या आधी सांगितलं की माझ्यासमोर दुसऱ्या कोणाला वाचायला लावू नका, मी पाठ करते. दुकानदार हसला. तपासून झाल्यावर मात्र हसेना. मी इतके दिवस रस्ता कशी ओलांडत होते, एवढंच त्याने विचारलं.

नवा चष्मा लावून तडक मावशीकडे गेले. तिचा चेहरा इतक्या सुरकुत्यांचा आहे हे मला माहीत नव्हतं. ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं, शिबिराचंसुद्धा.

"मले ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुमचं पान दोन-दोन दिवस पलटतच नव्हतं. आखाडापासून पाहून राह्यली मी."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"वाचणं तर बरोबर होतं. आन् चारचौघात मास्तरीनले कोण म्हणन, का तुमाले दिसत नाही म्हणून?"

माझी लाज तिने तीन महिने राखली होती. मला रडू आवरेना. यादी मी सोबत आणली होती. म्हटलं, आत्ता वाचून दाखवते.

"इथं कोणाले आयकवता? भिंतीले?" ती एकदम तडकली. "सगळे उभे राह्यले पायजेत."

तिचं बरोबर होतं. कार्तिक पौर्णिमेपर्यंत थांबायचं ठरलं. ते दिवस मला फार जड गेले.

पौर्णिमेला वंदना झाल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं की मागच्या वेळी एक नाव माझ्याकडून राहिलं. ते पोरांनी लिहिलं होतं, मलाच दिसलं नव्हतं, आणि मी मावशीला खोटं सांगितलं. मी तोच कागद उलगडला. आता घडीतली शाईसुद्धा स्वच्छ दिसत होती. इतक्यात मावशी उठून माझ्या शेजारी आली आणि तिने त्या नावाखाली बोट ठेवलं. माझा आता भरवसा नव्हता तिला.

वर्गात कोणी बोट ठेवून वाचलं की मी ओरडायचे, बोट काढ, डोळ्यांनी वाच. मावशीचं बोट मी राहू दिलं. नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. सगळा विहार उठला, हात जोडले गेले. सगळे पुन्हा खाली बसेपर्यंत मावशीने बोट उचललं नाही, आणि मीही कागद हलवला नाही.