अध्यक्षबाईंची समाजसेवा

बागप्रेमी मंडळ अध्यक्षबाईंच्या दिवाणखान्यात जन्मलं, आणि तेव्हापासून खुर्ची त्यांची, खुरपं दुसऱ्याचं. त्यांनी मातीत हात घातला तो फोटोपुरता. घरच्या कुंड्यांतली झाडं वाळून खडखडीत झाली होती, पण प्रदर्शनात मिरवायला बाई सगळ्यांत पुढे.

यंदा मंडळाला समाजसेवेचं भरतं आलं. अंधशाळेशेजारच्या पडीक जागेत त्यांनी अंधांसाठी बाग केली. झाडं सगळी चाचपून आणि वासाने ओळखायची: पुदिना, निशिगंध, लोकरीसारखी मऊ पानं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बाई पाहणीला गेल्या, तर एक फांदी मोडलेली. त्यांचा जीव खालीवर झाला. एवढी नटवलेली बाग लोक कुस्करून टाकणार म्हणजे काय? लगोलग पाटी लागली, 'झाडांना हात लावू नये.'

उद्घाटनाला अंधशाळेचे संगीताचे मास्तर आले. ते स्वतः जन्मांध. वासाच्या मागावर ते थेट वाफ्याशी गेले आणि त्यांनी पुदिन्याचं पान बोटांत चुरडलं. बाई तरातरा पुढे आल्या.

"अहो मास्तर, एवढी मोठी पाटी दिसत नाही का?"

"नाही, बाई," मास्तर शांतपणे म्हणाले.

पाहुण्यांनी हसू दाबलं. बाईंना मात्र मुद्दा पटला. आपली चूक सुधारायला त्या कधी मागेपुढे पाहत नाहीत, असं मंडळातल्या बायका अजून कौतुकाने सांगतात. आठवड्याच्या आत पाटी बदलली. मजकूर तोच, पण आता ब्रेलमध्ये.

त्या बागेत हात लावायची परवानगी तेवढ्या पाटीला आहे.