दगडामागची जागा

आरमोरीहून वैरागड, रांगी करत धानोऱ्याला जाणारा रस्ता आधी बांबू वाहणाऱ्या बैलबंड्यांचा होता. रोजगार हमीत त्यावर मुरूम पडला, नंतर गिट्टी, नंतर डांबर. पुढे तो राज्य मार्ग झाला. गुलाब त्याच रस्त्यावर आधी मजूर होता, मग मैलकुली. नेमून दिलेल्या टप्प्यातले खड्डे भरायचे, कडेचं गवत कापायचं, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोऱ्या मोकळ्या ठेवायच्या, हे मैलकुलीचं काम.

खड्डा भरायची त्याची रीत ठरलेली होती. कडा सरळ कापायच्या, धूळ झाडायची, मुरूम थराथरानं टाकायचा, पाणी मारायचं आणि माती दाबायचा जड लोखंडी धुम्मस उसळून परत येईपर्यंत ठोकायचं. बाकीचे घमेलं उलटं करून चपलेनं दाबायचे. त्यांचे खड्डे पहिल्या पाण्यात उघडे पडत.

रोजगार हमीच्या काळात त्याची बायको गिरजाबाई रस्त्याकडेला गिट्टी फोडायची. तान्ही रोशनी मोहाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत असायची. एका उन्हाळ्यात पोरीला ताप भरला. दवाखान्यात न्यायला बंडी जुंपेपर्यंत ती गेली. गाव दूर राहिलं होतं, म्हणून तिला कामाच्या कडेलाच पुरलं. खुणेसाठी गुलाबनं अठरा किलोमीटरचा दगड धरला. दगडाच्या पाठीला लागूनच खड्डा केला. झाड कोणीही तोडतो, सरकारी दगडाला कोण हात लावणार, असं त्याला वाटलं.

काम संपल्यावर दोघं माजरीकडे कोळशाच्या खाणीत मजुरीला गेली. काही वर्षांनी परतली तेव्हा जंगल मागे हटलं होतं, वळणं सरळ झाली होती, मोहाचं झाड कुठे होतं तेही कळेना. अठराचा दगड मात्र उभा होता. गुलाब मैलकुली झाला आणि हाच टप्पा त्यानं मागून घेतला. त्या दगडाला रंग तो सगळ्यांत आधी द्यायचा. वैशाख पौर्णिमेला दोघं तिथे मेणबत्ती लावायची, त्रिसरण म्हणायची आणि घरी जायची. तो निवृत्त झाला तरी हे चुकलं नाही.

यंदा रस्ता पुन्हा रुंद व्हायला निघाला. पोकलेन रांगीपर्यंत आली.

"माह्या पोरीवरून मशीन नको जायले," गिरजाबाई म्हणाली. "मूठभर माती घरी आणू. परसात ठेवू."

सकाळीच दोघं कुदळ घेऊन गेली. गुलाबनं दगडामागचं गवत काढलं, माती हळूहळू ओढली. गिरजाबाईनं पदर पसरून ती घेतली. तेवढ्यात बकऱ्या हाकत वारलू आला. पूर्वी शेजारच्या टप्प्यावर तो मैलकुली होता.

"काय गुलाबभाऊ, पेन्शन पुरत नाई का? सरकारचा रस्ता खोदून राह्यले!"

"रोशनीची माती नेतो, वारलूभाऊ."

वारलूचं हसू गेलं. पोर रस्त्याकडेला पुरल्याचं त्याला माहीत होतं, जागा माहीत नव्हती. "इथी होती?"

"अठराच्या दगडामागं. माजरीले जायच्या आधीच पुरली."

वारलू काठी टेकून उभा राहिला. "भाऊ, तवा हा दगड इथी नव्हता."

"काऊन? अठराच तं हाय."

"राज्य मार्ग झाला तवा गिनती गावाच्या दुसऱ्या टोकापासून धरली. सारे दगड उपटले, बंडीत घातले आन् नव्या जाग्यावर गाडले. बंडी मीच हाकत होतो. तुमी माजरीले होते."

"मंग पयला कुठी होता?"

वारलूनं काठीनं पुढची मोरी दाखवली. "तिच्या अलीकडं, काठावर. पण आता तो काठ कुठी राह्यला? रस्ता वाढला, काठ डांबराखाली गेला."

गुलाब खाली बसला. ती जागा त्याला चांगली माहीत होती. मोरीचं पाणी मुरायचं, म्हणून दर पावसाळ्यानंतर तिथे खड्डे पडायचे. सगळ्या टप्प्यात त्यानं सगळ्यांत जास्त ठोकलं होतं ते तिथेच.

गिरजाबाईनं सगळं ऐकलं होतं. तिनं पदरातली माती खड्ड्यात परत सोडली आणि हातानं सारखी केली.

"मोरीपाशी तुमीच खड्डे भरत होते ना?"

"हो."

"धुम्मस मारला?"

"मारला."

"लई जोरानं?"

आपलं काम कमी करून सांगायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"नाई," तो म्हणाला. "हलक्या हातानं."

गिरजाबाईनं त्याला वर्षानुवर्षं ठोकताना पाहिलं होतं. तिनं पदर झटकला आणि कुदळ उचलून त्याच्या हाती दिली. वारलू उगाच बकऱ्यांवर ओरडत पुढे गेला.

परतीची एसटी रस्त्याच्या पलीकडे, मोरीजवळ थांबायची. दोघं तिथपर्यंत चालत आली. लोहखनिजानं भरलेले दोन ट्रक गेले, त्यांची धूळ बसेपर्यंत ती कडेला थांबली. मग गिरजाबाईनं वाकून चपला काढल्या आणि हातात घेतल्या. गुलाबनंही काढल्या. चढलेल्या उन्हानं डांबर तापलं होतं. तिनं पाय उचलायची घाई केली नाही, म्हणून त्यानंही केली नाही. मधेच ट्रकचा भोंगा वाजला, तरी दोघं त्याच चालीनं पलीकडे गेली.