अल्काच्या कमरेला सोसेल असा गिअर

कोहमाऱ्याच्या चौकात, ढाब्यांच्या रांगेला लागून रत्नपालचं गॅरेज आहे. रायपूरकडून येणारा ट्रक असो की नागझिऱ्याच्या सफारीची जिप्सी, बिघडली की तिथंच ढकलत आणतात. माणूस हाताचा चांगला, तोंडाचा फटकळ. गाडीचे हाल केलेले दिसले की आधी मालकाला शिव्या, मग हातात पाना. जुन्या ऑटोमॅटिक गाडीला हात लावायला बाकीचे मिस्त्री कां-कूं करतात. रत्नपाल लावतो, कारण त्याच्याकडे स्वतःची एक आहे, मरून रंगाची, नागपूरहून आणलेली.

ती आणली तेव्हा सगळ्या चौकाने त्याला वेड्यात काढलं होतं. त्याचा हिशेब साधा होता. क्लच नाही, गिअरची दांडी सारखी हलवायची नाही, म्हणजे डावा हात मोकळा. आणि डावीकडे अल्का बसणार.

अल्का त्याची बायको. धानाच्या रोवणीत वर्षानुवर्षं वाकून तिची कंबर कामातून गेली होती आणि दवाखान्यासाठी वरचेवर गोंदियाला जावं लागे. गाडीचा दुसरा गिअर झटक्याने पडायचा, तिसरा त्याहून जोरात. तो पडायच्या आधी रत्नपाल "आला, आला" म्हणायचा आणि डावा पंजा तिच्या कमरेमागे सरकवायचा.

"हात स्टिअरिंगवर ठेवा वो रीनाचे बाबा," ती हसायची. "मले सावरता सावरता झाडावर घालान गाडी."

शेवटी त्याने बॉनेट उघडलं. अॅक्सिलरेटरकडून गिअरबॉक्सला एक केबल जाते. पाय किती दाबला ते ती आत कळवते. ताणली की आतला दाब वाढतो आणि गिअर कडक बसतो. ढिली केली की मऊ. रत्नपालने केबलचा नट थोडा सैल केला, अल्काला बसवून चक्कर मारली, परत आणखी सैल केला. मुरदोलीच्या जंगलातून येताना ती म्हणाली, "आता झटका नाई समजून राहिला. इथंच राहू द्या." घरी आल्यावर तिनेच आपल्या लाल नेलपॉलिशचा ठिपका त्या नटावर लावला. नट हलला की कळावा म्हणून मिस्त्री लोक अशी खूण करतातच. फक्त त्यासाठी कोणी बायकोला बोलावत नाही.

नट इतका सैल करणं ही चूक होती आणि ती त्याला पुरती ठाऊक होती. इतक्या मऊ गिअरमध्ये आतल्या प्लेटा घट्ट धरत नाहीत, घसरतात आणि घसरून जळतात. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर रत्नपालने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. स्वतःच्या गाडीत मात्र तो हळू चालवून वेळ मारून न्यायचा.

गेल्या हिवाळ्यात अल्का गेली. दुखणं कमरेचं आणि नेलं तापाने. पुण्याहून लेक रीना आली, आईच्या साड्या आवरून ठेवल्या, परत गेली. तिचा फोन येतो, "बाबा, जेवलात का?" तो हो म्हणतो आणि पुढे दोघांनाही काही सुचत नाही. संध्याकाळी गॅरेज बंद करून तो गाडीत बसतो आणि मुरदोलीपर्यंत जाऊन येतो. घरातलं सगळं तिच्यावाचून चालायला लागलं होतं. गाडी तेवढी अजून तिच्या कमरेला जपत होती. त्याला तेवढंच हवं होतं.

मग शेजारच्या ढाब्याच्या खुमेंद्रला एका लग्नाला घेऊन जाताना चढावर गाडी नुसतीच ओरडायला लागली.

"नुसती बोंबलून राहिली," खुमेंद्र म्हणाला. "पुढं काऊन जात नाई?"

रत्नपालने पाय उचलला आणि गाडी हळूहळू वर घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने गिअरबॉक्सच्या ऑइलची पट्टी ओढून नाकाशी धरली. जळका वास होता. या गिअरबॉक्सच्या प्लेटा आता कुठे मिळत नाहीत. ऑइल बदलून केबल आताच ताणली तर गाडी वाचेल, नाहीतर अंगणात उभी राहील ती कायमचीच.

ऑइल बदलून झालं. पाना हातात घेऊन तो नुसताच उभा राहिलेला पाहून खुमेंद्र जवळ आला.

"फिरव ना मंग पाना. कायची वाट पाऊन राहिला?"

"अल्कानं लावलं हाय ते," रत्नपाल ठिपक्याकडे बोट दाखवत म्हणाला.

खुमेंद्र वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "गाडीच उभी राहिली त बसशील कायच्यात?" आणि ढाब्याकडे निघून गेला.

रत्नपालने पाना लावला. नेलपॉलिशचा टवका उडाला. तो गाडीखाली सरपटत गेला, मातीत हात फिरवला, पण टवका सापडला नाही. जाऊ दे, असं म्हणायलाही तिथे कोणी नव्हतं. त्याने केबल ताणली, नट आवळला आणि ऊन उतरल्यावर गाडी मुरदोलीच्या रस्त्याला काढली.

पहिल्या गिअरला गाडी लगेच उचलली गेली. इंजिनाचा आवाज चढला आणि त्याच्याही नकळत तोंडातून निघालं, "आला, आला." डावा हात आपणहून शेजारच्या सीटकडे गेला. झटका बसला तेव्हा पंजा सीटच्या पाठीवर टेकलेला होता. मधे कोणी नव्हतं.

रत्नपालला हमसून रडू आलं. ती गेल्यापासून त्याचा हात या सीटकडे एकदाही गेला नव्हता. मऊ गिअरला त्याची गरजच पडली नव्हती.

हात तिथून काढावा असं त्याला वाटलं नाही. त्याने डोळे बाहीला पुसले आणि पाय आणखी दाबला. तिसरा गिअर अजून पडायचा होता.