सम्राटाला कोण धरणार?

रोमन साम्राज्यातल्या लुग्दुनुम शहराच्या टांकसाळीत बेल्लिकसने तीस वर्षं घण मारला. उजवा खांदा डाव्याच्या दुप्पट, कान अर्धे गेलेले. नाण्यांवर सम्राटाचं तोंड उमटवायला दिवसभर दणके घालायचे, त्यात कुणाला अपमान दिसला नाही; उलट दणका हलका पडला की मुकादम आईबापांचा उद्धार करायचा. हाताखालून रोज सोनं जायचं, घरी यायचं तांबं.

शेवटच्या दिवशी मुकादमाने त्याला एक सोन्याचं नाणं दिलं. जन्मातलं पहिलं! वर डुकराच्या चरबीतली मसूर पोटभर खाऊ घातली. घात केला तो मसुरीने.

नदीकाठच्या सार्वजनिक संडासापर्यंत बेल्लिकस कसाबसा पोचला, तर दारात अफ्रानियस. चुगल्या करून जगणारा माणूस. सम्राटाची छबी किंवा नाव घेऊन कुणी संडासात गेला की कायद्याने राजद्रोह. त्याचं मुंडकं जाणार आणि मालमत्तेतला वाटा ह्याला मिळणार.

"जा की काका, अडलात कशाला?" अफ्रानियस गोड हसला. "कमरेला काय बांधलंय?"

बेल्लिकसने नाणं काढलं. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला सम्राट, दुसऱ्या बाजूला फांदी धरून ऐटीत बसलेली बाई. 'हिला तरी बसायला मिळालंय!' तो कळवळला. बाहेर ठेवावं तर चोर नेणार, आत न्यावं तर मान जाणार.

मग काठावर मासळी विकणाऱ्या बायांकडे वळून तो भडकलाच.

"ऐका गं मासळीवाल्यांनो! सम्राटावर ह्या अफ्रानियसइतकी माया कुणाची नाही. माझा सम्राट ह्याच्याच हाती देतो. धर रे, डोक्यावर! दोन्ही हातांनी! खाली आला तर अपमान. बायांनो, लक्ष ठेवा!"

नाही म्हणावं तर राजद्रोह, पळावं तर चोरी. अफ्रानियसने मुकाट हात वर केले. बाया टोपल्या टाकून बघायला आल्या.

आत बेल्लिकस निवांत बसला. शेजारच्या भोकावर बसलेल्या माणसाशी द्राक्षांच्या पिकावर बोलला, मग त्याच्या मेव्हण्याच्या लग्नावर.

बाहेर आला तेव्हा अफ्रानियस मांड्या आवळून उभा. "काका, घ्या तुमचं! आणि... माझ्या कमरेलाही एक आहे हो. जरा धरता?"

"हे दार कायमचं सोडशील?"

"सोडतो, सोडतो!"

"सम्राटाची शपथ घे."

दोन्ही नाणी बेल्लिकसच्या हातात कोंबून अफ्रानियस शपथ घेत घेतच आत पळाला. घाईत सम्राटाचं नाव तोंडी यायला आणि तो भोकावर बसायला एकच गाठ पडली.

"अगं बाई!" उघड्या दारातून बघत एक मासळीवाली किंचाळली. "सम्राटाचं नाव ह्याने तिथे बसून घेतलं!"