दोन्ही पाय जमिनीला

"दोन्ही पाय जमिनीला टेकतात की नाही, तेवढंच सांग."

"टेकतात, अण्णा."

"मग वाद कशाचा?"

"सायकल उभी असताना टेकतात. मला ती चालवायची आहे."

"चालवणारा कधी ना कधी थांबतोच."

"आणि वेळेवर न पोचणारा? त्याचं काय होतं?"

सोमवार. सात वाजून पाच मिनिटं. बरखेड्यातल्या क्वार्टरचा पुढचा व्हरांडा. वैजयंती सरवटे हातात पाना घेऊन उकिडवी बसली होती, आणि समोर तिची नवी लेडीज सायकल स्टँडवर उभी होती. सीटखालचा बोल्ट तिनं पूर्ण सैल केला होता. सीट धरून डावीकडे पिळली, उजवीकडे पिळली, वर ओढली, शेवटी पायडलवर पाय देऊन अंगातलं सगळं बळ लावलं. सीट हलली नाही. मग तिनं खाली वाकून पाहिलं. सीटची नळी जिथं फ्रेममध्ये शिरते तिथं सोनेरी, बारीक, अखंड अशी एक कडी होती. पितळेचा सांधा. वरून कानस मारून, पॉलिश करून अगदी गुळगुळीत केलेला.

भोपाळभर हिंडलात तरी इतका देखणा सांधा दुसऱ्या कुणाला जमला नसता. याचाच तिला जास्त राग आला.

तिचे अण्णा, केशवराव सरवटे, कारखान्यात वेल्डर होते. माणूस मूळचा ग्वाल्हेरचा. टाउनशिप उभी राहत होती तेव्हा, जिथं आता शाळा आहे तिथं तंबूत राहून त्यांनी पहिलं वर्ष काढलं, असं ते सांगत. जगात ज्या वस्तू हलतात त्या एक दिवस दगा देतात, हा त्यांचा सिद्धांत. घरातलं स्टूल डुगडुगलं, त्यांनी त्याला लोखंडी पाय लावून सांधलं. आता ते उचलायला दोन माणसं लागत. न्हाणीघराची कडी सैल झाली, तिचा त्यांनी असा बंदोबस्त केला की ती लावायला हातोडी हवी. शकुंतलाबाई म्हणायच्या, बरं झालं लग्नात अंतरपाट होता, नाहीतर यांनी मलाही बोहल्यालाच सांधून टाकलं असतं.

वैजयंती त्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये ट्रेसर म्हणून लागली, ती स्वतःच्या परीक्षेवर. मोठ्या यंत्रांची पेन्सिलीतली चित्रं ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं उतरवायची, हे काम. एक रेघ केसाएवढी, दुसरी तिच्या दुप्पट, आणि दोन्ही हातभर अंतरापर्यंत तशाच राहिल्या पाहिजेत. सहा महिने परीक्षेचा काळ, मग पर्मनंट. पाच महिने ती अण्णांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून गेली. मग अण्णांची पाळी बदलली, दुपारी दोनची झाली, आणि कॅरिअर गेलं. तेव्हा ठरलं की वैजूला सायकल घ्यायची.

तिनं साधी बावीस इंची मागितली होती. लहानपणी ती अण्णांच्याच चोवीस इंची सायकलवर शिकली होती, दांड्याखालून पाय घालून, कैची मारत; आणि पाय पुरायला लागले तेव्हा दांड्यावरून. आई म्हणाली, नोकरी करणाऱ्या मुलीनं दांड्यावरून टांग टाकायची म्हणजे समोरच्या क्वार्टरांच्या रांगेतल्या बायकांना वर्षभराचं पुण्य. तेव्हा लेडीज.

पिपलानीच्या बाजारात शंकरभाईचं दुकान. तिथं लागोपाठ दोन रविवार गेले. केशवराव प्रत्येक फ्रेम उचलत, सांध्यावरून नख फिरवत, नाण्यानं टकटक करून कान लावत आणि खाली ठेवत. पाचवी फ्रेम खाली ठेवली तेव्हा शंकरभाई म्हणाला, "बाबूजी, साइकिल ले रहे हो कि दामाद देख रहे हो?" केशवराव गंभीरपणे म्हणाले, दामाद बदली करता येतो. सहावी फ्रेम त्यांनी घेतली. या सगळ्यात वैजयंतीला सीटवर बसून बघ, असं कुणीच म्हटलं नाही.

त्यानंतर रांगेची रीत. टाउनशिपमध्ये नवी सायकल आली की ती मालकाची राहत नाही. पहिल्या फेरीआधी ती सगळी खोलायची. शेजारी फिटर, त्याच्या पलीकडे टर्नर, मागच्या रांगेत मोटारींच्या तारा गुंडाळणारा वाइंडिंगवाला; प्रत्येकाच्या घरी पान्यांची पिशवी आणि प्रत्येकाचं दुसऱ्याच्या कामाबद्दल मत. रविवारी संध्याकाळी एका सायकलभोवती सात माणसं बसली होती. ग्रीस कुठलं घालावं यावरून चहाचे दोन फेरे झाले. ब्रेक एकानं आवळले, दुसऱ्यानं सैल केले. चेनला किती झोल ठेवावा यावर फिटर आणि टर्नर चार दिवस बोलेनासे झाले. सीटबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. बाईमाणूस आहे, दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. केशवरावांनी वैजयंतीला सायकलशेजारी उभं केलं, चपलांसकट, आणि सीट सगळ्यात खाली नेली.

पहिल्याच दिवशी तिला कळलं. पायडल वर आलं की गुडघा जवळजवळ हँडलला लागत होता. मांड्यांत जोर उतरतच नव्हता. आपण सायकल चालवत नसून उखळावर बसून कांडतोय, असं तिला वाटलं. फाटकाच्या आधीचा लांबलचक चढ, तिथं तिला चक्क खाली उतरावं लागलं. साडेसातचा भोंगा झाला तेव्हा ती फाटकापासून दोनशे पावलांवर सायकल ढकलत होती. लेट मार्क. दुसऱ्या दिवशी ती दहा मिनिटं आधी निघाली, वेळेत पोचली, पण पाय आणि हात असे थरथरत होते की शाईची रेघ मधेच फुटली आणि कापडावर वाटाण्याएवढा डाग पडला. तीन दिवसांचं काम परत. ड्रॉइंग ऑफिसचे मोठे साहेब ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं की तब्येत ठीक नसेल तर ट्रेसिंगऐवजी दुसरीकडे बसायचंय का. त्याच आठवड्यात दुसरा लेट मार्क पडला, त्या दिवशी चेन उतरली म्हणून. तेव्हा त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितलं, महिन्यात तिसरा पडला तर पर्मनंटचा कागद पुढे जाणार नाही. यादीत आणखी नावं आहेत.

त्या संध्याकाळी ती एकटीच शंकरभाईकडे गेली. त्यानं सायकल भिंतीला टेकवली, तिला वर बसवलं आणि म्हणाला, टाच खालच्या पायडलवर ठेवा. पाय सरळ व्हायला पाहिजे. तुमचा अजून अर्धाच सरळ होतोय, बेटा, गद्दी तीन अंगुल वर पाहिजे. सीट वर गेली. दुसऱ्या दिवशी वैजयंती चढावर न उतरता गेली, एवढंच नव्हे तर कारखान्यातल्या लोखंड कापायच्या बँडसॉ शेडमधले दोन सायकलवाले तिच्या मागे पडले. ती बारा मिनिटं आधी पोचली. पाण्याचा घोट घेतला, पेन उचललं, आणि रेघ एका दमात गेली.

संध्याकाळी अण्णांनी सीट खाली केली.

सकाळी तिनं वर केली. तिनं अण्णांना समजावलं, शंकरभाईचं टाचेचं गणित करून दाखवलं. ते ऐकून घेत आणि रात्रपाळीवाल्या शेजाऱ्याला सायकल दाखवत म्हणत, आजकाल दुकानदार शिकवतात आम्हाला. पाना लपवला गेला. तिनं दुसरा आणला. मग तिनं आपल्या हातातलं शस्त्र काढलं. ट्रेसिंगची शाई आणि बारीक पेन घेऊन नळीवर, नेमक्या उंचीला, गोल रेघ मारली. अर्धा मिलिमीटर जाड. म्हणजे रोज सकाळी मोजायला नको. अण्णांनी ती दोन दिवस पाहिली. हात चांगला आहे, असं आईपाशी म्हणालेही. तिसऱ्या दिवशी घासलेटाच्या चिंधीनं पुसून टाकली.

काल रविवार. जेवण झाल्यावर ते तिची सायकल घेऊन निघाले. तेल देऊन आणतो म्हणाले. तीन तासांनी परत आले. अशोका गार्डनला रेल्वेलाईनच्या कडेला त्यांचा जुना साथीदार मनोहर गॅस वेल्डिंगचं दुकान चालवतो. तिथं बसून त्यांनी स्वतःच्या हातानं तो सांधा घातला होता.

"आरी आणा," वैजयंती म्हणाली. सात वाजून नऊ.

"आरीनं नळी कापली जाईल. सांधा नाही सुटणार." एवढं बोलताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान उतरलाच.

"मग गॅसनं सोडवा."

"मनोहरचं दुकान अकराला उघडतं. आणि का म्हणून सोडवू?"

शकुंतलाबाई डबा घेऊन दारात आल्या, दोघांकडे पाहून तो त्यांनी जड स्टुलावर ठेवला आणि पदराला हात पुसत तिथंच उभ्या राहिल्या. अहो, तिला उशीर होतोय, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. केशवराव म्हणाले की उशीर ती वाद घालते म्हणून होतोय. दहा मिनिटं आधी निघायला काय होतं?

"दहा मिनिटं आधी निघून पाहिलं. वेळेत पोचले आणि कापडावर डाग पाडला. सांगितलं होतं मी तुम्हाला, तुम्ही पेपर वाचत होतात."

केशवरावांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला. मग बोलले ते तिच्याकडे न बघता.

"विनायक आठवतो? माझ्या शेजारच्या बूथमधला."

"आठवतात. गूळपोळी आणायचे."

"सुटीचा भोंगा झाला की फाटकातून चार-पाच हजार सायकली सुटतात, एकाच वेळी. तू फाटकावर उभी राहून पाहा एकदा. पुढचा थांबला की तुला थांबावं लागतं, त्याच श्वासात. विनायकची सीट उंच होती. ऐट होती त्याला. पाय टेकायला गेला, बोटं पोचली, टाच नाही. तो आडवा झाला आणि मागचे थांबू शकले नाहीत. मनगटाचं हाड तीन ठिकाणी. नंतर त्याला सरळ सांधा जमला नाही. स्टोअरमध्ये बसून पावत्या फाडतो तो, वैजू. असा हात होता त्याचा, आणि पावत्या फाडतो."

वैजयंतीनं पाना हातातल्या हातात फिरवला.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात. काळजी मी घेतो आहे ना."

"अण्णा, मी उतरून थांबते. आमचं ऑफिस पाच मिनिटं आधी सुटतं. मी त्या गर्दीत नसतेच. तुम्ही विचारलं असतं तर कळलं असतं." तिचा आवाज चढला नाही, पण शब्द एकेक करून बाहेर आले. "विनायककाकांचा हात गेला तर तुम्हाला इतकी वर्षं वाईट वाटतं. माझा हातही तसाच आहे. तो रोज चढावर जातो. या सीटपायी."

"हात धडधाकट आहे तुझा."

"सव्वीस तारीख आहे आज. दोन लेट मार्क आहेत. तिसरा पडला तर मीही कुठेतरी पावत्या फाडायला बसेन. त्याही मिळाल्या तर."

"असं कुणी काढत नाही कामावरून. मी बोलतो साहेबांशी."

हे त्यांनी बोलायला नको होतं. शकुंतलाबाईंना ते लगेच कळलं, त्यांनी मान फिरवली. ही नोकरी वैजयंतीला अण्णांच्या एका शब्दाशिवाय मिळाली होती. त्या घरात अण्णांनी न सांधलेली तेवढी एकच वस्तू होती.

सात वाजून बारा. लांबवर पहिला भोंगा झाला. रांगेतल्या दारांतून सायकली निघू लागल्या. समोरच्या फिटरनं जाता जाता घंटी वाजवली आणि ओरडून विचारलं, क्यों सरवटेजी, बिटिया की गाडी कैसी चल रही है? केशवरावांनी हात वर केला.

वैजयंती उठली. पाना तिनं नव्या सायकलच्या कॅरिअरला नीट अडकवला. डबा उचलला, झोळीत टाकला, झोळी गळ्यात आडवी घातली. ओढणी कमरेला दोन वेढे देऊन गाठ मारली. मग ती व्हरांड्याच्या कोपऱ्यात गेली, जिथं अण्णांची चोवीस इंची काळी सायकल भिंतीला टेकून होती. सतरा वर्षांची सायकल. सीट त्यांच्या उंचीला लावलेली, आणि बोल्टवर कुणीही कधी गॅस न धरलेला.

तिनं सीटवर तळहात दाबून पाहिला.

"तिच्यावरून तुझी बोटंसुद्धा टेकणार नाहीत," केशवराव म्हणाले.

तिनं सायकल भिंतीपासून ओढून सरळ केली.

"वैजू, हट्ट करू नकोस. दुपारी मी सोडवून आणतो. आजचा एक दिवस जा तुझ्याच सायकलवर."

सायकल पायरीवरून खाली उतरली, मागचं चाक धपकन आपटलं, घंटी आपोआप एकदा वाजली. शकुंतलाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी कुंपणाचं फाटक उघडून धरलं.

केशवराव बनियनवर व्हरांड्यात उभे. एका बाजूला जड स्टूल, दुसऱ्या बाजूला लेडीज सायकल, जाळीचं मडगार्ड, छोटी टोपली, आणि सगळ्यात खाली, कायमची, सीट. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा रस्त्याकडे.

"आणि दोन वाजता मी कशावर जाऊ?"

वैजयंती फाटकातून बाहेर पडली.