फ्राऊ क्लाइनच्या कपाटातलं प्रस्थान

लाटवियाची सहल स्वस्तात कशी आखावी, हा इथला धागा गेले काही दिवस वाचतोय. कुणी हॉस्टेल सुचवतंय, कुणी रात्रीची बस... आणि मी इकडे खुर्चीत नुसता चुळबुळतोय. शेवटी म्हटलं, लिहून मोकळं व्हावं. आधीच सांगतो — भुतंखेतं, अंगारे-धुपारे यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. इंजिनिअर माणूस मी. जे मोजता येत नाही त्याच्या नादी लागत नाही.

साठच्या दशकाची सुरुवात. मी सांगलीचा, टेक्निकल युनिव्हर्सिटीत शिकायला जर्मनीत आलेला. फ्रँकफर्टमध्ये फ्राऊ क्लाइन नावाच्या विधवा बाईंच्या घरी माळ्यावरची खोली भाड्याने घेतली होती. बाई मूळच्या लाटवियातल्या रिगाच्या. लढाईच्या धामधुमीत इकडे आल्या, धाकटी बहीण इर्मा तिकडेच, सोव्हिएत राजवटीत राहिली. तिला पाठवलेल्या एकाही पत्राचं उत्तर नाही. ती आहे की गेली, हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता. तरी नाताळच्या जेवणाला बाई तिचं ताट मांडायच्या. मला ते बघवायचं नाही.

ऑगस्टच्या सुट्टीत मित्र पॅरिसला निघाले. आपली झेप तेवढी नव्हती. पण विद्यार्थ्यांची एक स्वस्त सहल लेनिनग्राड आणि रिगाला जाणार होती. मी नाव घातलं. बाईंना कळल्यावर त्यांनी माझा हातच धरला.

"हेर जोशी, हा तिचा जुना पत्ता. फक्त दार वाजवा. ती दिसली की सांगा, क्लारा जिवंत आहे, फ्रँकफर्टला आहे. बस, एवढंच."

मग काय, रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात आमची बैठक! प्रवास बाकावर बसून करायचा, जेवण बरोबर न्यायचं. मी कॉर्नफ्लेक्सचा चिवडा केला, बाईंनी कडक पाव भाजून दिला. चहा बशीत ओतून भुरकायची माझी सवय त्यांना मुळीच आवडायची नाही. "तिथे तरी कपाने प्या," असं बजावून झालं.

तेवढ्यात आईचं पत्र आलं. शनिवारी निघणं बरं नाही, बुधवारी मुहूर्त आहे, तेव्हा प्रस्थान ठेव. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल, तर आधीच्या चांगल्या वेळेला आपली एखादी पुरचुंडी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण निघालो असंच धरतात. मला हसू आलं, पण आईचं मन कशाला मोडा? रुमालात हळदीचे तांदूळ, एक नाणं आणि ट्रंकेतली सुपारी बांधली आणि खाली बाईंच्या चादरींच्या कपाटात ठेवून आलो. "हे माझ्याआधी निघालं," म्हटलं. बाईंनी गंभीरपणे मान हलवली. "गेनाऊ." अगदी बरोबर.

आणि शुक्रवारी व्हिसा नाकारला. कारण नाही, काही नाही.

बाई भाजलेला पाव पुन्हा डब्यात भरत राहिल्या. त्या गडबडीत प्रस्थान परत आणायचं मी साफ विसरलो. बेत रद्द झाला तर ते घरी आणायचं असतं.

त्यानंतरचा रविवार मी जन्मात विसरणार नाही. सकाळपासून पाय एका जागी ठरेनात. पुस्तक उघडलं, मिटलं. कोट चढवला, उतरवला. जिना उतरून दारापर्यंत जायचो आणि तिथे कळायचं नाही की आलो कशाला. सारखं वाटत होतं, गाडी चुकतेय. दुपारी बाई ओरडल्या, "आख, अहो, कुठे चाललाय सारखे?" मी कुठेच गेलो नव्हतो. पण तळवे असे दुखत होते, जणू दिवसभर फरसबंदी रस्ते तुडवले असावेत.

पुढच्या वसंतात सरकारी कागद आला. इर्माला बहिणीकडे येण्याची परवानगी मिळाली होती! आम्ही स्टेशनवर गेलो. एक लहानखुरी बाई गाडीतून उतरली. दोघी बहिणींनी एकमेकींना घट्ट मिठी मारली. मग इर्माबाईंची नजर माझ्याकडे गेली आणि त्या खुदकन हसल्या.

"पोहोचलात ना सुखरूप? मी त्या दिवशी तुमची किती वाट पाहिली!"

मला वाटलं, त्यांचा कुणाशी तरी घोटाळा होतोय. पण त्या सांगतच राहिल्या. ऑगस्टातला रविवार होता. मी त्यांच्या दाराशी आलो, बूट बाहेर काढले, मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. क्लारा जिवंत आहे म्हणालो, गल्ली सांगितली, ट्रामचा थांबासुद्धा सांगितला. चहा बशीत ओतून प्यालो. निघताना 'येतो' म्हणालो, म्हणून त्या संध्याकाळपर्यंत किटली गरम ठेवून बसल्या.

"तुम्ही आलात म्हणूनच मी अर्ज केला. मला वाटत होतं, क्लारा कधीच गेली."

आणि बाईंनी मला दिलेल्या पत्त्यावर त्या कित्येक वर्षं राहतही नव्हत्या.

मी काही बोलण्याआधी त्यांनी पर्समधून सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. "तुम्ही त्या दिवशी ठेवून गेलात ते हे कसलं फळ हो? नाताळात अक्रोडांबरोबर फोडायला घेतलं, तर माझा अडकित्ताच मोडला."

घरी येऊन कपाट उघडलं. रुमाल चादरींखाली तसाच, गाठ माझीच. सोडला. तांदूळ होते. नाणं होतं. सुपारी नव्हती.

कुणी म्हणेल, बाईंनी काहीतरी जमवलं असेल. कसं जमवणार? ज्या बहिणीचा ठावठिकाणाच माहीत नव्हता, तिला? मी अनेक वर्षं डोकं खाजवलं. त्या नाताळात मात्र दोन्ही ताटांवर माणसं होती, आणि तिसरं माझं होतं.

आता नात म्हणते, आजोबा, रिगाची तिकिटं अगदी स्वस्त झालीत, चला की! मी गुडघ्यांचं निमित्त सांगतो. खरं सांगू? भीती वाटते. तिथे एखादं दार उघडून कुणी म्हणालं, "या, परत आलात?" — तर मी काय सांगू?